परदेशचे साह्य आणि घरचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. एड्स या रोगाच्या निवारणासाठी निरनिराळ्या राष्ट्रांनी एकमेकांस केलेले साह्य आणि त्या साह्याच्या आधारे चाललेले आरोग्यशिक्षणाचे कार्य, हा विषय आम्ही कळविला, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले की, ज्या मंडपात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावयाचा आणि उपवर मुलामुलींची ओळख व्हावयाची, तेथे असल्या रोगाचे नाव कशाला? आमचे उत्तर असे की, जेथे मुलांच्या शिक्षणाचा व विवाहाचा विचार होतो, तेथेच या रोगाचाही विचार झाला पाहिजे. कारण हा रोग बहुधा ऐन तारुण्यात जडतो, आणि एकट्या माणसावर न थांबता सगळे घर मोडतो. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले, एवढीच आमची पुंजी. तेव्हा जे वाचले आणि नोकरीत पाहिले तेच आम्ही आपणांसमोर ठेवणार आहोत.

प्रथम रोगाविषयी थोडे. १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या विचित्र आजाराची हकीकत तेथील सरकारी आरोग्यपत्रिकेत छापून आली. धडधाकट माणसाला सहसा न होणारा फुफ्फुसाचा विकार त्यांना जडला होता. त्यांच्या अंगची रोगप्रतिकारशक्तीच नाहीशी होत चालली होती. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वाज बारे-सिनूसी व ल्यूक मोंतान्ये यांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला, व त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हाच विषाणू पुढे एच.आय.व्ही. म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्या देशात १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी रक्त तपासून त्याचे अस्तित्व प्रथम सिद्ध केले.

हा विषाणू चारच वाटांनी येतो: बाधित व्यक्तीशी असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि बाधित मातेकडून गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी वा अंगावरील दुधातून बालकाकडे. एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने, एका बाकावर बसल्याने, एकाच नळावर पाणी भरल्याने, किंवा डास चावल्याने तो येत नाही. विषाणू शरीरात शिरला तरी कित्येक वर्षे माणूस निरोगी दिसतो. त्या वर्षांत त्याला स्वतःला ठाऊक नसते आणि इतरांनाही कळत नाही, म्हणूनच या रोगाच्या बाबतीत औषधाइतकेच महत्त्व शिक्षणाला आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. परक्या राष्ट्रांनी आपल्या आरोग्यासाठी मदत करावी ही गोष्ट काही नवी नव्हे. स्वातंत्र्यानंतर लगेच क्षयाविरुद्ध बी.सी.जी. टोचण्याची मोहीम जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने झाली. १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात अमेरिकेचे साह्य होते. घरोघर डी.डी.टी. फवारणारी माणसे ज्यांनी लहानपणी पाहिली असतील अशी मंडळी या मंडपात पुष्कळ आहेत. देवीचा रोग सर्व राष्ट्रांनी मिळून हटविला. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. यात परोपकार होता तसा स्वार्थही होता. रोगाला सरहद्द कळत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असता जो घागर घेऊन धावतो, तो आपलेही छप्पर वाचवीत असतो.

एड्सच्या बाबतीत हे काम जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतले. डॉ. जोनाथन मान हे तिच्या एड्सविषयक कार्यक्रमाचे पहिले प्रमुख. रोग्याला वाळीत टाकले तर रोग भूमिगत होतो आणि अधिक पसरतो, म्हणून रोग्याचे मानवी हक्क सांभाळणे हाच रोग आवरण्याचा मार्ग आहे, असा त्यांचा आग्रह होता. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या रोगावर चर्चा झाली. १९८८ पासून १ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जाऊ लागला. १९९६ साली संयुक्त राष्ट्रांच्या निरनिराळ्या शाखांची शक्ती एकवटण्यासाठी यूएनएड्स ही संस्था कार्य करू लागली, आणि २००२ साली एड्स, क्षय व हिवताप या तीन रोगांसाठी जिनिव्हा येथे जागतिक निधी स्थापन झाला. २००३ साली अमेरिकेने पाच वर्षांत पंधराशे कोटी डॉलर खर्च करण्याची आपली स्वतंत्र योजना जाहीर केली, ती प्रामुख्याने आफ्रिका खंडासाठी होती.

आपल्या देशात १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यासाठी जागतिक बँकेने ८ कोटी ४० लाख डॉलर दिले. १९९९ साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यासाठी १९ कोटी १० लाख डॉलर मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही रक्कम देणगी नव्हती, कर्ज होते. सवलतीचे, दीर्घ मुदतीचे, पण फेडावयाचे. तेव्हा "परदेशचा पैसा आहे, कसाही खर्च होवो," असे जे काही लोक म्हणत, ते आपल्याच नातवंडांच्या नावचे पैसे उधळण्यास संमती देत होते.

या पैशातून झाले काय? रक्तपेढ्यांत प्रत्येक बाटलीची तपासणी होऊ लागली. पूर्वी पैशासाठी रक्त विकणारे लोक असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १९९८ च्या आरंभापासून तो व्यवहार बंद झाला. देशभर ठराविक केंद्रांवर दरवर्षी रक्त तपासून रोग कोठे किती आहे याचा अंदाज घेतला जाऊ लागला. राज्याराज्यांत एड्स नियंत्रण संस्था निघाल्या. आपल्या महाराष्ट्रात आणि मुंबईसाठी अशा स्वतंत्र संस्था १९९८ साली झाल्या. अमेरिकेच्या साह्याने आपल्या राज्यात 'अवर्ट' हा प्रकल्प चालला. २००३ साली गेट्स प्रतिष्ठानाने 'आवाहन' हा उपक्रम महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू केला. महामार्गावरील ट्रकचालक आणि देहविक्रयावर पोट भरणाऱ्या भगिनी यांच्यापर्यंत तो पोचला, आणि पुढे त्याचा कारभार क्रमाक्रमाने सरकारकडे सोपविण्यात आला. सांगलीस 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून याच उपेक्षित स्त्रियांमध्ये काम करीत आली, व त्या स्त्रियांनीच एकमेकींना शहाणे करावे ही पद्धत तिने अवलंबिली. ज्यांच्याकडे समाज पाहण्यासही तयार नव्हता, त्यांनी रोगाची वाट अडवून धरली, आणि त्याचा लाभ प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या आपल्या घरांनाही झाला.

औषधांची कथा तर प्रत्येक भारतीयाने अभिमानाने सांगावी अशी आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार सिद्ध झाला, आणि मरणाच्या दारातील माणसे उठून कामास लागू लागली. परंतु त्याचा खर्च एका रोग्यास वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक येई. गरीब देशांतील रोग्यांच्या दृष्टीने औषध असून नसल्यासारखे होते. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत, एका परोपकारी वैद्यकीय संस्थेला देण्याची तयारी दाखविली. जग थक्क झाले. त्यानंतर किमती उतरतच गेल्या, आणि आफ्रिकेतील लक्षावधी रोग्यांना जी औषधे परराष्ट्रांच्या पैशातून मिळू लागली, त्यांतील फार मोठा भाग भारतात तयार झालेला होता. साह्य घेणारा देश असा साह्य देणाराही झाला. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून ही औषधे विनामूल्य मिळू लागली.

पण, मंडळी, पैसा आणि औषध यांनी सर्व काही साधते काय? या प्रश्नाचे उत्तर युगांडा व थायलंड या दोन देशांनी दिले आहे.

युगांडा हा पूर्व आफ्रिकेतील गरीब देश, यादवीने पोळलेला. १९८६ साली तेथील साठ सैनिक शिक्षणासाठी क्यूबात गेले असता अठरा जणांच्या रक्तात हा विषाणू सापडला, आणि क्यूबाचे प्रमुख फिडेल कॅस्ट्रो यांनी ती गोष्ट अध्यक्ष मुसेवेनी यांच्या कानी घातली. शेजारची राष्ट्रे रोग लपवीत असता मुसेवेनी गावोगावच्या सभांतून त्याविषयी उघड बोलू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. धर्मोपदेशक, शिक्षक, गावचे पुढारी, सारे बोलू लागले. नोरीन कलीबा या बाईंचे पती या रोगाने वारल्यावर त्यांनी १९८७ साली रोग्यांना आधार देणारी संस्था काढली. फिली लुटाया या लोकप्रिय गायकाने १९८९ साली आपणांस हा रोग असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि उरलेले दिवस शाळाशाळांतून तरुणांना सावध करण्यात घालविले. नव्वदीच्या आरंभी त्या देशातील प्रौढांत सुमारे १५ टक्के असलेले रोगाचे प्रमाण पुढील दहा वर्षांत सुमारे ६ टक्क्यांवर आले, तेही महागडी औषधे तेथे पोचण्याच्या आधी.

थायलंडने निराळ्या रीतीने तेच केले. १९९१ साली तेथील सरकारने रेडिओ व दूरचित्रवाणीवरून दर तासाला एड्सविषयक सूचना देण्याचा नियम केला, आणि वेश्यागृहांत निरोधचा वापर सक्तीचा केला. त्या मोहिमेचे धुरीण मेचाई वीरवैद्य हे इतके निर्भीड की, त्या देशात निरोधाला लोक त्यांच्याच नावाने ओळखू लागले. खर्चाचा बहुतांश भाग थायी सरकारने आपल्या खजिन्यातून केला. १९९१ साली तेथे सुमारे १ लाख ४३ हजार नव्या माणसांना लागण झाली होती, ती २००३ साली १९ हजारांवर आली.

या दोन उदाहरणांतून आम्ही एवढेच शिकलो की, बाहेरच्या साह्याने तपासणीची साधने, औषधे आणि तज्ज्ञ मिळू शकतात. पण मुलाशी बापाने आणि मुलीशी आईने कोणत्या शब्दांत बोलावे, ते परदेशातून मागविता येत नाही.

आपल्या महाराष्ट्राला या बाबतीत परंपरा नाही असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले, पण शरीरशास्त्राचे ज्ञान लोकांस देण्याचे व्रत सोडले नाही. असे असूनही २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या पुस्तिकांवरून गदारोळ उठला, आणि ज्या राज्यांनी ते शिक्षण थांबविले त्यांत आपले राज्यही होते. त्या पुस्तिकांतील काही चित्रे मुलांच्या वयास न शोभणारी असतील, तर ती बदलावयास हवी होती हे आम्हांस मान्य आहे. परंतु पाटीवर चुकीचे अक्षर निघाले तर आपण अक्षर पुसतो, पाटी फोडीत नाही. मुलांना ज्ञान मिळणारच. ते शिक्षकाकडून मिळावे की हातातल्या मोबाईलवर कोणा अज्ञाताकडून मिळावे, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे.

अज्ञानाचा परिणाम काय होतो ते आम्ही नोकरीत असताना पाहिले. एका गावच्या शाळेत आईबाप दोघेही या रोगाने गेलेला एक मुलगा होता. आजी त्याला सांभाळी. मुलगा वर्गात हुशार. कोठून तरी बातमी फुटली, आणि त्याला वेगळे बसवावे, नाहीतर शाळेतून काढावे, असा सह्यांचा अर्ज काही पालकांनी आणून दिला. आम्ही शिक्षकांनी तालुक्याच्या रुग्णालयातील समुपदेशक बाईंना बोलाविले. त्या एस.टी.ने आल्या, शाळेच्या ओट्यावर बसल्या, आणि दोन तास लोकांच्या प्रश्नांना न चिडता उत्तरे दिली. पाण्याच्या माठाविषयी विचारले, डासांविषयी विचारले, खेळताना ढोपर फुटले तर काय, हेही विचारले. शेवटी अर्ज मागे घेतला गेला. एका पालकाने आपली मुलगी काढून दुसऱ्या शाळेत घातली, पण बाकीची मुले त्या मुलाच्या शेजारी बसली. त्या बाईंचा पगार राष्ट्रीय कार्यक्रमातून निघत असे, आणि त्या कार्यक्रमास बाहेरच्या राष्ट्रांचाही हातभार होता. जिनिव्हा किंवा वॉशिंग्टन येथे झालेला ठराव आपल्या खेड्यात पोचतो तो अशा एखाद्या बाईंच्या रूपाने. मात्र ओट्यावर जमून ऐकून घेण्याचे काम गावानेच करावयाचे असते.

साह्य घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेने २००३ च्या कायद्यान्वये, साह्य घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायास विरोध असल्याचे लिहून द्यावे, अशी अट घातली. त्या स्त्रियांना दूर लोटून रोग आवरत नाही, असे म्हणून ब्राझीलने २००५ साली सुमारे चार कोटी डॉलरांवर पाणी सोडले. दुसरी गोष्ट आकड्यांची. आपल्या देशात सत्तावन्न लाख लोकांना हा रोग आहे असा अंदाज २००६ साली सांगितला जात होता. घरोघर जाऊन केलेल्या पाहणीचा आधार मिळाल्यावर २००७ साली तो आकडा सुमारे पंचवीस लाखांवर आला. म्हणून आपली मोजणी आपण करावी आणि आपली योजना आपण आखावी, मग दुसऱ्याची मदत अंगी लागते.

ही गोष्ट आज विशेषच निकडीची झाली आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने आपले परदेशी साह्य एकाएकी थांबविले. प्राण वाचविणाऱ्या औषधांपुरती काही सूट मागाहून मिळाली. पण प्रतिबंधाची व शिक्षणाची कामे बहुतांशी बंद पडली. ते साह्य वाटणारे खातेच त्या वर्षीच्या जुलैमध्ये मोडीत निघाले. आफ्रिकेत दवाखाने बंद झाले, आरोग्यसेविका घरी बसल्या. अमेरिकेचे हे साह्य कायमचे थांबले आणि त्याची जागा कोणी घेतली नाही, तर २०२९ पर्यंत साठ लाख अधिक लोकांना लागण होईल आणि चाळीस लाख अधिक मृत्यू होतील, असा इशारा यूएनएड्सने दिला. आपल्या देशावर तो आघात त्या मानाने सौम्य झाला, कारण आपण क्रमाने स्वतःच्या पायावर उभे राहिलो होतो. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी ठरविलेली १५ हजार ४०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम भारत सरकारचीच. २०१० ते २०२३ या काळात आपल्याकडील नव्या लागणीचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. तरीही २०२३ च्या अंदाजानुसार देशात पंचवीस लाखांवर बाधित माणसे आहेत, आणि त्यांत आपल्या राज्याचा वाटा मोठा आहे. तेव्हा निश्चिंत होण्याचे कारण नाही.

आता आपण आपापल्या घरी काय करावे, ते थोडक्यात सांगून आम्ही रजा घेऊ.

विवाह जुळविताना आपण पत्रिका पाहतो, नोकरी पाहतो, शेती पाहतो. वर आणि वधू या दोघांनीही, दोघांच्याही संमतीने, रक्ततपासणी करून घ्यावी. ही तपासणी सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते आणि गुप्त राहते. फक्त मुलीचीच मागणे हा अन्याय आहे, आणि निकालाची वाच्यता करणे हे पाप तर आहेच, शिवाय कायद्याविरुद्धही आहे. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यान्वये संमतीवाचून तपासणी करता येत नाही. आणि या रोगाच्या कारणाने कोणास नोकरीतून, शाळेतून, रुग्णालयातून वा भाड्याच्या घरातून घालविता येत नाही.

गर्भवती सुनेची व लेकीची तपासणी वेळेवर करावी. उपचार न केल्यास शंभर बाधित मातांपैकी पंधरा ते पंचेचाळीस मातांच्या बालकांस रोग जडू शकतो. योग्य उपचाराने ते प्रमाण पाचांच्याही खाली येते. ज्याला लागण झाली आहे त्याने औषध नित्य घ्यावे. रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदारास लागत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. अशी माणसे दीर्घायुषी होतात, संसार करतात. शंका असेल त्याने १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्यास पैसे पडत नाहीत.

आणि शेवटचे, जे बोलताना आम्हांस सर्वांत अधिक संकोच वाटतो. नवरा या रोगाने गेला की सुनेला माहेरी धाडणे, तिच्या मुलांचा जमिनीतील वाटा बुडविणे, असे प्रकार आपल्या घरांत होत नाहीत असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? रोग बहुधा नवऱ्याने घरात आणलेला असतो, आणि शिक्षा मात्र तिला होते. आफ्रिकेतील अनोळखी विधवेसाठी परक्या देशांतील करदात्यांनी वर्षानुवर्षे पैसा दिला, आणि आपण आपल्याच दारातील विधवेला पाणी देताना वेगळा पेला काढावा, हे आम्हांस सहन होत नाही. मंडळाच्या विद्यार्थी साह्य निधीतून अशा घरातील मुलांना, कारण न विचारता आणि नाव न छापता, साह्य व्हावे, आणि दरवर्षीच्या वधूवर मेळाव्यात जाणत्या डॉक्टरांचे अर्ध्या तासाचे व्याख्यान ठेवावे, अशा दोन सूचना आम्ही अध्यक्ष महाराजांपुढे नम्रपणे ठेवीत आहोत. मंडळाने त्यांचा विचार पुढील बैठकीत करावा.